पडदा आणि तंबोरा : गवयाचा चित्रपट आणि गावातली बैठक, एकाच संध्याकाळी

गायकाच्या आयुष्यावरचा चित्रपट आम्ही पहिल्यांदा गावात दाखवला, तेव्हा शेवटची नामावली वर सरकायला लागताच लोक चपला शोधायला उठले. चित्रपट आवडला नव्हता असं नाही. दोघी-तिघी पदरानं डोळे पुसत होत्या. पण ज्या गाण्यासाठी पडद्यावरच्या माणसानं घरदार पणाला लावलं, ते गाणं आमच्यातल्या बहुतेकांनी समोर बसून कधी ऐकलंच नव्हतं. गवयाचं दुःख कळलं होतं, पण ते कशापायी हे कळलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही एकच बदल केला. चित्रपट संपला, चहा झाला, पडदा गुंडाळला आणि जमखान्यावर एक गायिका तंबोरा घेऊन बसली. माइक नव्हता. पहिला षड्ज, म्हणजे सा, लागला तशी कुजबूज आपोआप थांबली. तेव्हापासून बेळगावच्या आसपास कुणी असा कार्यक्रम करायचा म्हटलं की मी आग्रहानं सांगतो, दोन्ही एकाच संध्याकाळी करा. चित्रपट आज आणि बैठक पुढच्या महिन्यात, असं करू नका. चार-पाच वर्षांत चुकतमाकत जे हाती लागलं ते इथं क्रमानं लिहितो. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी कुठल्याही भागात, वाचनालय, भजनी मंडळ किंवा तरुण मंडळाला हे जमण्यासारखं आहे.

तारीख आधी, चित्रपट नंतर

जून ते सप्टेंबर विसरा. आपल्याकडचा पाऊस, त्यातून खानापूरकडचा, पत्र्याच्या छपरावर पडायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग आलाप कुठला यायला? ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची सुगी असते. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस, त्यामुळं तेव्हा आपल्या भागात दोन्ही बाजूंची मनं तापलेली असतात, त्या आठवड्यात गाण्याचा कार्यक्रम ठेवून गाण्यावर अन्याय होतो. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात. परवानगीसाठी हेलपाटे मारायचे नसतील तर जानेवारी उत्तम. थंडी असते, पंखे बंद ठेवता येतात आणि मुलांच्या परीक्षा अजून लांब असतात. रविवार घ्या. दुपारी चारला सुरुवात केली की रात्री साडेनऊला सगळं आटोपतं आणि लांबून आलेल्यांना शेवटची बस मिळते.

कुठला चित्रपट निवडायचा

इथं घाई करू नका. संगीतावरचा प्रत्येक चित्रपट बैठकीआधी दाखवायला चालतो असं नाही. माझी कसोटी साधी आहे : त्यात मैफलीचा असा एक तरी प्रसंग हवा, ज्यात गाणं हीच घटना आहे. गाणं चालू असताना दिग्दर्शक भलतीच गोष्ट सांगत असेल तर तो चित्रपट दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

पहिल्याच वर्षी ‘बालगंधर्व’ घ्यावा असं माझं मत आहे. २०११ चा, रवी जाधवांनी दिग्दर्शित केलेला. सुबोध भावे यांनी भूमिका केली आणि गळा आनंद भाटे यांचा, ज्यासाठी भाट्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तो घेण्याचं माझं कारण वेगळं आहे. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, १९०५ साली ज्या किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, तिचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८४३ साली तिथं जन्मले आणि १८८५ साली तिथंच वारले. १८८० साली पुण्यात त्यांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं आणि मराठी संगीत नाटकाची वाट मोठी झाली. हे चित्रपटाआधी दोन वाक्यांत सांगा. आपल्या मातीतून निघालेली वाट पडद्यावर कुठवर गेली हे समजून बघणाऱ्यांचे चेहरे वेगळे दिसतात, मी पाहिलेले आहेत.

‘कट्यार काळजात घुसली’ गर्दी ओढतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ चं, त्यात गायक वसंतराव देशपांडे खाँसाहेबांच्या भूमिकेत होते. चित्रपट २०१५ चा. त्याचा कस जुगलबंदीत आहे आणि घराण्यांमधल्या ईर्षेत आहे. मुलांना तो लगेच कळतो. ‘मी वसंतराव’ २०२२ साली आला, त्यात राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची भूमिका केली आणि गायलेही स्वतःच. लष्कराच्या लेखा कार्यालयात नोकरी करत गाणं सांभाळणाऱ्या माणसाची ती गोष्ट. आपल्याकडे शाळेत, बँकेत, कारखान्यात नोकरी करून पेटी-तबला जपणारे घरटी नाही तरी गल्लीला एक तरी असतात. त्यांना आवर्जून बोलवा. मात्र लांबी जवळजवळ तीन तासांची आहे, म्हणून चारऐवजी तीनलाच सुरुवात करा.

‘द डिसायपल’ तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी राखून ठेवा. चैतन्य ताम्हाणे यांच्या या मराठी चित्रपटाला २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला. तो संथ आहे आणि मोठा न होऊ शकलेल्या गायकाबद्दल आहे. मुख्य भूमिकेतले आदित्य मोडक आणि गुरूच्या भूमिकेतले अरुण द्रविड, दोघेही प्रत्यक्षातले गायक. मला स्वतःला या यादीतला हा सगळ्यात खरा वाटतो. पण आधी दोन-तीन बैठका ऐकलेल्या कानांनाच तो उघडतो, हे अनुभवानं शिकलोय.

जुन्यांपैकी एकच सांगतो, आणि सीमाभागात त्याच्याइतका शोभणारा दुसरा मला माहीत नाही : १९५६ चा ‘बसंत बहार’. चित्रपट हिंदी, पण गोष्ट त. रा. सुब्बराव यांच्या ‘हंसगीते’ या कन्नड कादंबरीवरून घेतलेली. त्यातल्या स्पर्धेच्या प्रसंगात बसंत रागातलं गाणं मन्ना डे यांच्यासोबत भीमसेन जोशी यांनी गायलं. गदगजवळच्या रोणमध्ये १९२२ साली जन्मलेला, पुण्यात राहिलेला आणि घराघरांत मराठी अभंग पोचवणारा माणूस. कन्नड कादंबरी, हिंदी पडदा आणि दोन्ही भाषांचा गळा! कन्नड शेजाऱ्यांसाठी १९६६ चा ‘संध्याराग’ही लक्षात ठेवा. अ. न. कृष्णराव यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट, राजकुमार नायक आणि पुन्हा भीमसेनजींचा आवाज.

बेंजो पार्टीत, ढोल-ताशात, ऑर्केस्ट्रात वाजवणारी पोरं असतील तर त्यांच्यासाठी वेगळ्या दिवशी ‘व्हिप्लॅश’ लावा. २०१४ चा अमेरिकन चित्रपट, ड्रम शिकणारा मुलगा आणि त्याला छळणारा शिक्षक यांचा. शिव्या भरपूर आहेत, म्हणून फक्त मोठ्यांसाठी. शेवटच्या मैफलीच्या प्रसंगानंतर गुरूनं किती कठोर व्हावं यावर जो वाद पेटतो तो रात्री बारापर्यंत चालतो.

परवानगी : टाळू नका

घरात ज्या ॲपवर पैसे भरून आपण चित्रपट पाहतो, ते पैसे घरात बघण्याचे असतात. मंगल कार्यालयात दीडशे माणसांना तोच दाखवणं म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन, तिकीट असो वा नसो. निर्मात्या संस्थेचं आणि वितरकाचं नाव चित्रपटाच्या सुरुवातीलाच येतं. त्यांना दीड-दोन महिने आधी मेल करा. तारीख, गाव, जागा, अंदाजे किती माणसं, प्रवेश मोफत की शुल्क घेऊन, आणि एकच खेळ आहे हे स्वच्छ लिहा. छोट्या गावातल्या मोफत कार्यक्रमाला अनेकदा माफक रकमेत हो म्हणतात. उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहा, फोन करा. उत्तर नाही म्हणजे होकार असं धरू नका.

शाळा-कॉलेजला कायद्यात थोडी सवलत आहे : शैक्षणिक उपक्रमाचा भाग म्हणून, आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित लोक एवढेच असतील तर. अख्ख्या गावाला बोलावलं की ती सवलत उरत नाही. जुन्या चित्रपटांचा मार्ग सोपा आहे. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे १९५६ च्या चित्रपटाचा हक्क २०१६ अखेर संपला. गाण्यांच्या शब्दांचा आणि चालींचा हक्क मात्र वेगळा मोजतात आणि प्रत कुठून घेतली हेही पाहावं लागतं. म्हणून जुन्या चित्रपटासाठीसुद्धा एकदा जाणकार वकिलाला विचारलेलं बरं.

ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. बंद सभागृहाला नियमात मोकळीक आहे, पण गावात शेजार असतो, तेव्हा आपणच दहाच्या आत आवरावं.

जागा

मंगल कार्यालय हातचं असतं, पण खाली फरशी, वर स्लॅब आणि चारी बाजूंना गुळगुळीत भिंती. टाळी वाजवून बघा. तिचा घुमारा एक सेकंदभर रेंगाळला तर चित्रपटातले संवाद एकमेकांत मिसळतील. जमिनीवर जमखाने, मागच्या भिंतीवर जाड गोधड्या किंवा मंडपवाल्याकडचे पडदे दुहेरी करून लावा. मागची भिंत सगळ्यात महत्त्वाची, कारण स्पीकरचा आवाज तिथंच आपटून परत येतो. देवळाचा लाकडी सभामंडप मिळाला तर हे कष्ट निम्मे होतात. जुनं लाकूड आवाज सांभाळून घेतं.

पडद्याचं गणित थोडक्यात. १० फूट रुंद पडदा असेल तर उंची साडेपाच फुटांच्या आसपास येते. पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेतीन फूट वर ठेवा, म्हणजे खाली बसलेल्यांची डोकी आड येत नाहीत. साधारण प्रोजेक्टर त्यासाठी १५ फुटांवर बसतो आणि शेवटची रांग ३० फुटांपलीकडे नसावी. अंधार नीट असेल तर ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. खिडक्यांना काळं कापड लावा, जानेवारीत सहा वाजेपर्यंत उजेड असतो.

आवाज : निम्मी मेहनत इथं

चित्र थोडं फिकट आलं तर लोक चालवून घेतात. गवयाच्या चित्रपटात आवाज बिघडला तर दाखवायचं काही उरतच नाही.

ब्लूटूथ नको. आमचा पहिला खेळ त्यानंच बिघडवला. ब्लूटूथनं आवाज पोचायला साधारण ०.१ ते ०.२ सेकंद उशीर होतो. संवादात तो फारसा जाणवत नाही. पण द्रुत, म्हणजे जलद, तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची होते, म्हणजे हात पडताना दिसतो आणि बोल अर्ध्या-पाऊण मात्रेनं मागून येतो. पुढच्या रांगेत बसलेले आमचे तबल्याचे मास्तर दहाव्या मिनिटाला अस्वस्थ होऊन उठून गेले. साधी केबल घ्या आणि लॅपटॉपमधून किंवा प्रोजेक्टरमधून थेट मिक्सरला जोडा.

दुसरी गोष्ट, चित्रपटाचा आवाज पुष्कळदा सहा वाटांनी विभागलेला असतो आणि बोलणं त्यातल्या मधल्या वाटेत असतं. आपल्याकडे दोनच स्पीकर. मग गाणं दणदणीत आणि संवाद पुटपुटल्यासारखे, असं होतं. प्लेअरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टीरिओ निवडा. आदल्या दिवशी संवादाचा एक प्रसंग आणि गाण्याचा एक प्रसंग पाठोपाठ वाजवून, एका माणसाला शेवटच्या भिंतीला टेकून उभं करा आणि विचारा, “मागं ऐकू येऊलाय काय?”

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण बैठक करणाऱ्यानं ती जाणून घ्यावी. स्पीकरमधून एक सततची ‘हं’ येत असते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घूं ५०, १००, २०० हर्ट्झ अशा पट्ट्यांत असते. आता पेटीवर पाहा : २०० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाच (१९६) आणि काळी चार (२०८) यांच्या मधे कुठंतरी. पुष्कळ गायिका याच दोन पट्ट्यांत गातात. म्हणजे त्यांच्या षड्जाच्या अगदी कुशीला एक बेसूर तंबोरा अखंड वाजत राहतो! एरवी कुणाला खटकत नाही, पण आलापीत तो छळतो. लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि मिक्सर सगळे एकाच बोर्डावरून चालवा, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आवाजाची केबल विजेच्या वायरला समांतर नेऊ नका. तरी घूं राहिली तर बैठकीच्या वेळी सगळी यंत्रणा बंद करण्याचं आणखी एक कारण मिळालं म्हणा.

स्पीकर कुणाचे? गावातल्या डॉल्बीवाल्याचे चालतात. त्याला चित्रपट दाखवा, काय करायचंय ते बसून सांगा. मिरवणुकीत वाजवणाऱ्याचा कान कच्चा असतो हा समज चुकीचा आहे. आमच्या डॉल्बीवाल्यानं आपणहून बेस उतरवला, दोन टॉप बॉक्स स्टँडवर चढवले आणि भिंतीपासून चार फूट पुढं घेतले. मोठे बेसचे डबे त्यानं टेम्पोतून उतरवलेच नाहीत. भोंगे मात्र नकोत, त्यातून तंबोऱ्याचा झंकार पत्र्यासारखा येतो.

लाईट जाणार हे गृहीत धरा. प्रोजेक्टर आणि लॅपटॉपला इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवा. जनरेटर आणलाच तर इमारतीच्या पलीकडच्या बाजूला ठेवा.

चित्रपटाआधी १५ मिनिटं

लांबलचक सत्कार नकोत. त्याऐवजी तबलजीला पुढं बसवा आणि सगळ्या सभागृहाला हातावर तीनताल मोजायला लावा : १६ मात्रा, टाळी १, ५ आणि १३ वर, खाली ९ वर, आणि फिरून १ वर सम. पाच आवर्तनं झाली की सातवीतली पोरंसुद्धा समेवर मान डोलावतात. मग पडद्यावरचा गायक समेवर आला की अख्खं सभागृह एकदम हुंकारतं. चित्रपटगृहात मी असं कधी अनुभवलं नाही.

त्यानंतर लोकांना बघण्यासारख्या काही गोष्टी सांगून ठेवा. मी साधारण असं सांगतो.

गळा बघा. नट गात असेल तर तानेच्या आधी छाती भरते, मानेची शीर ताणते, श्वास कुठं घेतला ते दिसतं. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलत असतील तर तानेच्या मधोमध तोंड सुटं पडतं. यात कमीपणा काही नाही. ‘बालगंधर्व’मध्ये भावे यांनी दुसऱ्याच्या गळ्याला जो देह दिला ती वेगळी कला आहे. पण फरक दिसायला लागला की आपण गाण्याकडं डोळ्यांनीही बघायला शिकतो.

कॅमेरा कुणाकडं आहे ते बघा. मैफल चालू असताना दर दोन सेकंदांनी दृश्य बदलत असेल, श्रोत्यांच्या ‘वाहवा’वर उडी मारत असेल, तर दिग्दर्शक गाण्याची महती श्रोत्यांच्या चेहऱ्यावरून सांगतोय. ‘द डिसायपल’मध्ये कॅमेरा मैफलीसमोर बराच वेळ हलत नाही. आपण श्रोते होतो आणि गायकाचा चुकलेला स्वर चुकवायला आपल्याला जागाच राहत नाही. मागं तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याकडंही लक्ष ठेवा. पुष्कळदा खरी गोष्ट त्याच्या चेहऱ्यावर असते.

वेळ बघा. मैफलीत पाऊण तास चालणारा राग चित्रपटात चार मिनिटांत उरकतो. गाळलं काय जातं? आलाप. विस्तार. एकेका स्वरावर थांबणं. उरते ती तान, कारण तान दिसते. म्हणूनच संगीताच्या बहुतेक चित्रपटांत स्पर्धा असते, कुणीतरी जिंकतो, कुणीतरी हरतो. पाऊण तासाच्या यमन रागात कुणीच हरत नसतं. हे सांगून मी म्हणतो, “जे चित्रपटाला गाळावं लागलं ते चहानंतर ऐकायचंय.” एवढ्या एका वाक्यावर निम्मे लोक थांबतात.

दोन भाषांचं

पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हीत छापा. मराठी चित्रपट असेल तर कथेचा सारांश कन्नडमध्ये एका पानावर लिहून घ्या. गावातले कन्नडचे शिक्षक आनंदानं लिहून देतात, आम्हाला दर वर्षी देतात. निवेदनही दोन्हीत ठेवा, प्रत्येकी तीन मिनिटं. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घरचं आडनाव कोमकली. पेटीचे पंडित रामभाऊ विजापुरे २०१० पर्यंत बेळगावात शिकवत होते आणि त्यांच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांत दोन्ही भाषांच्या घरची मुलं होती. त्यामुळं इथल्या मैफलीत एका भाषेचे लोक बाहेर राहिले तर अर्धा वारसा बाहेर राहिला असं मला वाटतं. हे मी मनापासून लिहितोय. आमच्या कार्यक्रमात वाद झाले ते भीमसेन मोठे की मल्लिकार्जुन मन्सूर यावर. ते वाद मला हवेहवेसे वाटतात.

चहाची ३० मिनिटं

चहा आणि चिरमुरे बाहेरच्या ओट्यावर द्या. आत या वेळात पुष्कळ कामं असतात. प्रोजेक्टर बंद करून गार होऊ द्या, त्याच्या पंख्याचा आवाज बैठकीत नको. पडदा गुंडाळा. आणि मागच्या भिंतीवरच्या गोधड्या काढा. चित्रपटाला कोरडी खोली लागते, गळ्याला मात्र थोडा घुमारा हवा असतो, नाहीतर गायकाला स्वतःचाच आवाज परत मिळत नाही आणि तो ताण देऊन गायला लागतो. हे आम्हाला एका गायिकेनंच सांगितलं. तोपर्यंत आम्ही सगळं तसंच ठेवत होतो.

गायकाला पडद्याच्या जागी बसवू नका. पडदा आखूड भिंतीवर असतो, गायकाची बैठक लांब भिंतीच्या मध्यावर मांडा. लोकांना नुसतं अंग वळवावं लागतं आणि शेवटचा श्रोता गायकाच्या बराच जवळ येतो. ८०-१०० माणसांपर्यंत मग माइकची गरज पडत नाही. स्टेज, हारतुरे काही नको. एक स्वच्छ गादी, पांढरी चादर आणि कोमट पाण्याचा तांब्या पुरे. वयस्करांसाठी मागं दोन रांगा खुर्च्या ठेवा, म्हणजे त्यांच्यापुढं कुणाचं डोकं येत नाही.

तंबोरा शक्यतो खरा आणा. मिरज आपल्या उंबऱ्यावर आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि अथणी-रायबागकडच्या माणसाला ती गल्ली तासा-दीड तासाची. कुणाकडून उसना मिळाला तर आडवा टाकून आणू नका, मांडीवर धरून आणा. तो सभागृहातच लावायचा, बाजूच्या गार खोलीत नाही. माणसांच्या उबेनं तारा सैलावतात, स्वर उतरतो आणि पुन्हा लावण्यात पहिली दहा मिनिटं जातात. फोनवरचा तंबोरा वापरावाच लागला तर छोट्या स्पीकरवर गायकाच्या पाठीमागं ठेवा. समोरच्या मोठ्या स्पीकरमधून तो आला की गळा त्याखाली दबतो.

बैठक

गायक मोठ्या नावाचाच हवा असं नाही. जिल्ह्यात शिकवणारे, रियाज करणारे चांगले गायक आहेत. त्यांना दोन महिने आधी भेटा, कुठला चित्रपट आहे ते सांगा आणि त्याच्याशी नातं असलेलं काही गाता येईल का विचारा. ‘बसंत बहार’च्या दिवशी बसंत, ‘बालगंधर्व’च्या दिवशी शेवटी एखादं नाट्यपद. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत वसंत पंचमी येते, तेव्हाचा बसंत तर ऋतूतच असतो. मानधन आधी ठरवा आणि चहाच्या वेळीच पाकिटात द्या. रात्री दहाला गायकाला हिशेबासाठी ताटकळत ठेवणं मला बघवत नाही. तबला, पेटी, तंबोरा सगळ्यांचं पाकीट वेगळं, आणि येण्या-जाण्याची गाडी तुमची.

वेळ दीड-दोन तास. एकच राग सविस्तर : विलंबित, म्हणजे संथ लयीत, ४० मिनिटं, मग द्रुत. पहिल्या १५ मिनिटांत काही जण उठतील, त्यांना अडवू नका, दार मात्र हलक्या हातानं लावणारा एक माणूस तिथं बसवा. मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना आधीच विनंती करा की द्रुत सुरू झाल्यावर दोन मिनिटं घ्या, आलापीत नको. शेवट भजनानं. गावचं भजनी मंडळ असेल तर त्यांना टाळ-पखवाज घेऊन गायकासोबत बसवा, एक अभंग आणि कन्नड शरणांचं एक वचन किंवा हरिदासांचं पद. अख्खं सभागृह त्यात सामील होतं आणि दुपारी पडदा बघायला आलेली माणसं रात्री गाताना दिसतात.

चर्चा ठेवायची तर बैठकीनंतर नको, लोक त्या सुरातच घरी जाऊ देत. आम्ही दुसऱ्या रविवारी वाचनालयात जमतो. पहिला प्रश्न नेहमी एकच विचारतो, चित्रपटातलं कुठलं गाणं आता वेगळं ऐकू येतंय? मागच्या खेपेला निपाणीकडून आलेल्या एका आजींनी सांगितलं की घरी जाऊन त्यांनी नातवाच्या मोबाइलवर तोच मैफलीचा प्रसंग पुन्हा लावला आणि तो त्यांना फार लवकर संपल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी

तंबोरा उसना असेल तर तारा थोड्या उतरवून, गवसणीत घालून स्वतः पोचता करा. गोधड्या झटकून ज्याच्या त्याच्या घरी द्या. डॉल्बीवाल्याचे पैसे त्याच दिवशी द्या. निर्मात्या संस्थेला किती माणसं आली, काय बोलली हे चार ओळींत कळवा आणि दोन छायाचित्रं जोडा. पुढच्या वर्षीची परवानगी त्यामुळं निम्म्या वेळात मिळते. वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा : कुठल्या प्रसंगाला लोक हलले, आवाज कुठं कमी पडला, कोण शेवटपर्यंत बसलं होतं. आमच्या वहीत तिसऱ्या रकान्यात सलग तीन वर्षं एका आठवीतल्या मुलीचं नाव आहे. यंदा तंबोरा धरायला तिलाच बसवणार आहोत.